सोमवारच्या पाळीआधी: सहा मिनिटांच्या प्रार्थनेच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आज उपासना सुटल्यावर चहा घेताना मंडळीतला एक पोरगा म्हणाला, "मावशी, रविवारी इथं बसलो की देव जवळ वाटतो. सोमवारी गेटवर बिल्ला दाखवून आत गेलो की संध्याकाळपर्यंत त्याची आठवणसुद्धा येत नाही." चोवीस वर्षांचा आहे, नगरच्या नागापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे काम करतो. बोलताना मान खाली होती.

मी त्याच एमआयडीसीत एकोणीस वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या कामावर आहे, आणि माझं तरी काय वेगळं? रविवारची साडी शनिवारी रात्रीच इस्त्री करून ठेवते. सोमवारसाठी फक्त डबा आणि ओळखपत्र.

पाळकसाहेबांना विचारलं, कामावर जाणाऱ्यांसाठी सोमवारी पहाटे एक छोटी प्रार्थना रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर चालेल का? म्हणाले, "जरूर करा. पण मी बोलणार नाही. माझा सोमवार सुट्टीचा असतो. जे कामाला जातात त्यांनीच बोलावं." आधी वाटलं टाळतायत. घरी येईपर्यंत पटलं.

तिघं तयार आहोत: मी, सरकारी दवाखान्यातल्या नर्सताई, आणि एसटीत ड्रायव्हर असलेले काका. पहिली प्रार्थना ९ तारखेला.

९ जून, सोमवार

पहिली गेली, पहाटे सव्वापाचला. चौदा मिनिटांची झाली. सुरुवातीला गीत, मग वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद. काल पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा रविवार होता, त्यामुळे त्यावरच चार मिनिटं गेली.

यादीत एकेचाळीस जण आहेत. रात्री फोन करून विचारलं तर शेवटपर्यंत ऐकलेले नऊ. काकांनी स्वतःच्या आवाजात प्रार्थना केली होती, पण त्यांनाच ती रात्री ऐकायला मिळाली, कारण त्या वेळी ते तारकपूर स्टँडवर गाडी लावत होते. एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, "डबा भरता भरता ऐकत होते, गीत संपेपर्यंत माझी कंपनीची बस आली."

आम्ही रविवारची उपासना लहान करून सोमवारच्या दारात नेऊन ठेवली होती. सोमवारची प्रार्थना वेगळीच असायला हवी.

१० जून, मंगळवार

आजच्या तारखेने बाबांची आठवण आली. बाबा जामखेड तालुक्यातून मुंबईला गेले आणि १९८२ च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत होते. दर वर्षी १० जूनला ते आम्हा भावंडांना एकच गोष्ट सांगत. १८९० साली याच तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. रविवार मागताना त्यांनी खंडोबाचा वार पुढे केला होता. गिरणीतला बहुतेक कामगार खंडोबाला मानणारा होता, त्याला तो वार हवाच होता.

बाबा म्हणायचे, "आपण देवळात बसतो तो रविवार आपल्याला दुसऱ्यांनी मिळवून दिलाय, हे विसरू नका." आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणत.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे, तिथंही कारण हेच दिलंय: तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. विसावा आधी राबणाऱ्याचा. सोमवारची प्रार्थना इथून सुरू करता येईल, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१६ जून, सोमवार

वेळ सहा मिनिटं ठरली. बोल्हेगावच्या कोपऱ्यावरून बस गेटवर पोहोचायला मला तेवढाच वेळ लागतो. गीत काढलं. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला एकच प्रसंग घेतला.

सातूची कापणी चालू आहे. बवाज बेथलेहेमहून शेतात येतो आणि कापणाऱ्यांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. ते उत्तर देतात, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो. मालक आणि मजूर यांच्यात त्या दिवशी झालेलं हे पहिलं बोलणं. आमच्या लाइनवर पहिलं बोलणं असतं, "काल किती निघाले?"

नर्सताईंनी वाचलं आणि शेवटी इतकंच सांगितलं की आज कामावर गेल्यावर पहिल्या माणसाला नावाने हाक मारा, मग काम काढा. आज शेवटपर्यंत ऐकणारे सव्वीस.

मी स्वतः गेटवरच्या वॉचमनला नाव विचारलं. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत चार जण बदलले असतील, एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली.

२६ जून, गुरुवार

भोसरीला काम करणारा भाऊ काल रात्री घरी आला. तिकडे सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे तीन वर्षांत तो रविवारच्या उपासनेला बसलेला नाही. आईने विषय काढला की उठून जातो. आज मला म्हणाला, "ताई, तुमची ती सोमवारची प्रार्थना मला येते. पण माझ्या आठवड्याची सुरुवात शुक्रवारी होते. सोमवारी मी आठवड्याच्या मधोमध असतो."

त्याला मी प्लिनीच्या पत्राबद्दल सांगितलं. साधारण ११२ च्या सुमारास बिथुनियाच्या या रोमी सुभेदाराने सम्राट त्राजानाला कळवलं की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतात, आणि चोरी करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवलेली वस्तू नाकारणार नाही, अशी शपथ घेतात. पहाटेच का जमायचे? तो दिवस त्यांच्या कामाचा होता. त्यांच्यात गुलाम होते, पत्रातच दोन दासींचा उल्लेख आहे. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये दिली, आणि तीही शेतकऱ्यांना नव्हती. म्हणजे पहिल्या जवळजवळ तीनशे वर्षांत आपल्या लोकांनी देवाची भक्ती कामावर जायच्या आधी, अंधारात केली.

भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग मी फार लांब गेलेलो नाही."

बदल: यादीचे तीन भाग केले. सोमवारवाले, शुक्रवारवाले (भोसरीचे चार जण निघाले), आणि पाळी दर आठवड्याला बदलणारे. ज्याचा जो पहिला दिवस, त्याला त्या पहाटे प्रार्थना जाईल.

३० जून, सोमवार

आजची चूक माझी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाचन मीच निवडलं होतं, कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं वचन. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, असा त्याचा आशय. कामाबद्दल वचन हवं म्हटलं की आपल्याकडे सगळे हेच काढतात. मापं तपासायचे गेज ठेवायच्या माझ्या कपाटाच्या दारावर आतून ते चिकटवलेलं आहे.

संध्याकाळी त्या पोराचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "मावशी, हे वचन आमच्या ठेकेदाराला फार आवडेल. दोन महिने ओव्हरटाइमचे पैसे थकलेत. प्रभूसाठी म्हणून करायचं म्हणजे मागायचेच नाहीत का?"

मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवून बायबल उघडलं आणि त्या वचनाच्या वरचं आणि खालचं वाचलं. वर्षानुवर्षं मी ते एकटंच वाचत आले होते. वरच्याच वचनात पत्र लिहिणारा पौल कुणाशी बोलतोय ते स्पष्ट आहे: दासांनो. ज्यांना मजुरी नाही, सुट्टी नाही, नोकरी सोडायची मुभा नाही, अशा माणसांना तो सांगतोय की तुमचा खरा धनी वेगळा आहे आणि तुमचं वतन त्याच्याकडे आहे. ज्याला कुणी माणसात धरत नव्हतं त्याला वारस म्हणणारं हे वचन आहे. आणि दोनच वचनं सोडून चौथा अध्याय सुरू होतो तो धन्यांना उद्देशून. दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण स्वर्गात तुमचाही धनी आहे.

मी अर्धं पाठवलं होतं. मजुराचा भाग मजुराला पाठवला आणि धन्याचा भाग पानातच ठेवला. आमच्या यादीत दोन-तीन जण स्वतःचं वर्कशॉप चालवणारे आहेत. त्यांनाही तेच वचन गेलं.

त्याला परत फोन लावला आणि म्हटलं, "पैसे मागायचे. प्रभूचं काम म्हणून केलंस, म्हणूनच त्याची मजुरी बुडवता येत नाही. याकोबाच्या पत्रात लिहिलंय, अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं." ठेकेदाराचे कागद, हजेरीची नोंद, कुणाकडे अर्ज द्यायचा, हे शनिवारी एकत्र बसून बघायचं ठरलं.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी होती. बस रिकामी होती, लाइनवरचे सहा जण अजून पंढरपूरहून परतायचे आहेत.

आजच्या प्रार्थनेत सुरुवातीलाच सांगितलं: मागच्या सोमवारी मी वचन अर्धं वाचलं, आज पुढचं वाचते. आणि वाचलं. त्यावर काही बोलले नाही. उरलेल्या वेळात ज्यांची मजुरी अडकली आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या हातात दुसऱ्याची मजुरी आहे त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

दुपारी यादीतल्या एका वर्कशॉपवाल्या भावांचा दोन शब्दांचा निरोप आला: "ऐकलं, ताई." दोन लेथ मशिनी आणि सहा माणसं, एवढं त्यांचं वर्कशॉप. नाराज झाले असतील असं वाटलं.

१४ जुलै, सोमवार

नवीन पद्धत. रविवारी संध्याकाळी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवतो: या आठवड्यात तुमच्या हातात कोणतं काम आहे? उत्तर एका ओळीत. नाव न सांगता ते काम प्रार्थनेत घेतो.

ही कल्पना नर्सताईंची. त्यांचं म्हणणं असं की आपण "सर्व कामकऱ्यांना आशीर्वाद दे" म्हणतो तेव्हा कुणालाच वाटत नाही की हे आपल्यासाठी आहे. देवाला कामं माहीत आहेत, आपल्यालाच एकमेकांची माहीत नाहीत.

काल आलेली उत्तरं: शाळेत दहावीचे जादा तास. कांद्याची रोपं टाकायची. पहाटेची पुणे गाडी सलग पाच दिवस. आयसीयूत रात्रपाळी. बँकेत वसुलीचे फोन करायचे, लोक शिव्या देतात. सासूबाईंचं अंथरूण धरलेलं आजारपण. ऑडिट. ट्रकच्या सीटांना कव्हर शिवायची, चाळीस. वेल्डिंग, उंचावर.

एकाने लिहिलं, "काही नाही. काम सुटलंय." त्याच्यासाठी काय म्हणायचं हे आम्हा तिघांनाही सुचलं नाही. नुसतंच घेतलं: काम नसलेल्या हातांसाठी. हे अपुरं आहे, याकडे परत यायचं आहे.

वाचन स्तोत्र ९० चं शेवटचं वचन: आमच्या हातचं काम स्थिर कर. मोशेच्या नावावर असलेलं हे एकच स्तोत्र. आयुष्य गवतासारखं सुकतं हे सगळं सांगून झाल्यावर तो मागतो ते हे. आज चौतीस जणांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि "उंचावर वेल्डिंग" वाल्याची आई रडली, असं तिच्या शेजारणीने सांगितलं.

२१ जुलै, सोमवार

वर्कशॉपवाल्या भावांनी स्वतःहून विचारलं, "एक वचन मी वाचलं तर चालेल?" लेवीय १९:१३ वाचलं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. मागे लेथचा आवाज येत होता. पुन्हा रेकॉर्ड करू का विचारलं, आम्ही नको म्हटलं. वाचून झाल्यावर थांबले आणि म्हणाले, "प्रभू, माझ्या सहा माणसांसमोर मला खाली बघायला लावू नको."

माझ्या मते आतापर्यंतची सगळ्यात खरी प्रार्थना ही.

२८ जुलै, सोमवार

नर्सताईंची रात्रपाळी सुरू आहे. सोमवारी पहाटे पाचला त्यांचा दिवस संपत येतो. आपण "नव्या दिवसाची सुरुवात" म्हणतो तेव्हा त्या शेवटच्या पेशंटचं सलाईन बदलत असतात.

त्यांनी स्तोत्र १३४ निवडलं. तीनच वचनं आहेत. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून आहेत. मंदिरातही रात्रपाळी होती. दिवे बघायला, दरवाजे राखायला कुणीतरी जागं असायचं. आणि तारणाऱ्याच्या जन्माची बातमी पहिल्यांदा मिळाली ती मेंढरं राखत जागणाऱ्यांना, रात्रीच.

रेकॉर्डिंग त्यांनी वॉर्डाबाहेरच्या जिन्यात केलं. मधे कुणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली आणि आवाज तुटला. पुढचं दीड मिनिट नाहीच. तसंच पाठवलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आज पहाटे बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचलं आणि दुपारी त्याची गरज पडली.

नहेम्या राजाचा प्यालेबरदार. राजा विचारतो, तुला काय हवंय? लिहिलंय की मी स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यात जेवढा वेळ जातो, तेवढीच ती प्रार्थना. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत, राजाला कळलंही नसेल. काकांनी छान सांगितलं: "गिअर बदलायला लागतो तेवढा वेळ."

दुपारी अडीचला सहाशे बुशांचा लॉट माझ्या टेबलावर आला. बुशाचं आतलं भोक, म्हणजे बोअर, तपासायला प्लग गेज असतो. त्याचं एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. नमुन्यातल्या काही पिसात ते जाऊ नये असलेलं टोक सरळ आत उतरत होतं. गेज कॅलिब्रेट केलेला, मी दोनदा पुसून बघितलं. वरून निरोप आला, गाडी चारला लागतेय, पास करून टाका. मग ते स्वतः आले. कोण, ते लिहीत नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "इतकी वर्षं झाली, एवढंसं चालतं हे कळत नाही का?"

गिअर बदलायला लागतो तेवढ्या वेळात मी देवाला एवढंच म्हटलं: आवाज कापू देऊ नको. आणि म्हणाले, "सर, मी सही करणार नाही. शंभर टक्के तपासून देते."

अनुवाद २५ मध्ये लिहिलंय, तुझ्या पिशवीत दोन वजनं ठेवू नको, एक मोठं आणि एक लहान. लहानपणी वाटायचं हे बाजारातल्या व्यापाऱ्यासाठी आहे. माझ्या हातातला गेज म्हणजे तेच वजन. तो बुश कुणाच्या तरी गाडीत बसणार, त्या गाडीत कुणीतरी बसणार.

रात्री दहापर्यंत तपासलं. अडतीस पिस बाजूला निघाले. गाडी चुकली. मदतीला ठेकेदाराची दोन पोरं थांबवली होती, आणि माझ्या मनाला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की सही न करण्याचं मोल त्यांनी मोजलं. घरी कुणी वाट बघत असेल. ओव्हरटाइम लिहिला जाईल याचीही खात्री नाही. म्हणून निघायच्या आधी दोघांचे तास रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहिले, बाजूला वेळ घातली आणि शिफ्ट इनचार्जची सही घेतली. त्याशिवाय हललेच नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. नर्सताई म्हणाल्या, "ही साक्ष आहे, मंडळीला सांगा." मी नाही म्हटलं. लोक ऐकताना वाट बघतात की शेवटी साहेब सुधारला, बढती मिळाली. तसं काही झालेलं नाही. ते ऐकून उद्या एखाद्या कंत्राटी पोराने सही नाकारली आणि त्याचं काम गेलं तर? माझी नोकरी कायमची आहे, त्याची नाही.

तास मात्र लिहिलेले राहिले. पैसे कधी येतात ते बघत राहायचं.

१ सप्टेंबर, सोमवार

प्रार्थना गेली नाही. माझा फोन पावसात भिजला, काका ड्यूटीवर, नर्सताई गावाला. सातपर्यंत अकरा जणांनी घरच्या नंबरवर विचारलं.

८ सप्टेंबर, सोमवार

नर्सताईंच्या पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. दुष्काळात आलेली पोर. घरात तिचं एकच वर्णन चालत आलंय, पणजीच्या बोटांना शिशाचा वास यायचा. ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. बाईमाणसाला, शेतकरणीला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. सुमारे १८ वर्षं ते काम चाललं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. छापखान्यात राबल्या त्या मुक्तीतल्याच बायका आणि मुली. ज्यांना घरच्यांनी टाकलं, दुष्काळाने हाकललं, त्यांनी देवाचं वचन एकेक अक्षर हाताने उचलून ओळीत बसवलं. उलट बसवलं तरच कागदावर सुलट उमटायचं.

त्या मुलींचा सोमवार कसा असेल? पहाटे प्रार्थना, मग कुणी गोठ्यात, कुणी मागावर, कुणी खिळ्यांच्या पेटीशी. रमाबाईंनी प्रार्थना आणि काम यांच्यात भिंत बांधलीच नाही, आणि काम शिकवताना पोट भरण्याची सोयही करून दिली.

नर्सताईंनी सहा मिनिटांत हे सगळं सांगितलं आणि शेवटी पणजीचं नाव घेऊन देवाचे उपकार मानले. गेल्या तीन महिन्यांत इतकी उत्तरं कधीच आली नव्हती. प्रत्येकाला आपापल्या आजीचं काम आठवलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

स्त्रीसंघातल्या एका मावशींनी, वय ऐंशीच्या पुढे, जात्यावरच्या चालीत तीन ओव्या बांधून दिल्या. म्हणाल्या, "आम्ही दळताना देवाचं नाव घ्यायचो. तुमच्या यंत्राला चाल नाही का?" उतरवून ठेवते:

पहिली माझी ओवी गं, उघडत्या दाराला
प्रभू, तुझी सोबत दे, कामाच्या भाराला

दुसरी माझी ओवी गं, हातातल्या मापाला
खोटं नको मोजू देऊ, भिऊन कुणाच्या कोपाला

तिसरी माझी ओवी गं, शेजारच्या हाताला
माझ्याआधी घास मिळो, रिकाम्या त्या ताटाला

दुसरी ओवी त्यांनी मला बघून रचली का, ते विचारलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

जुलैमध्ये "काम सुटलंय" लिहिणाऱ्या भावाकडे आज परत आलो. तो आता रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभा असतो. आज प्रार्थना त्यानेच वाचावी म्हणून काका काल त्याच्या घरी गेले. तो आधी नको म्हणाला, मग एका अटीवर तयार झाला: कुणी त्याची कीव करायची नाही.

मत्तय २०, द्राक्षमळ्याचे मजूर. त्याने वाचलं आणि मग आपल्या शब्दांत सांगितलं. "साडेसातपर्यंत तरुण पोरं उचलली जातात. नऊनंतर घरी जावंसं वाटतं, पण घरी काय तोंड दाखवायचं म्हणून थांबतो. या गोष्टीतला मालक अकराव्या तासाला विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलं नाही. हे खरं उत्तर आहे. आळशी नव्हतो, कुणी लावलं नाही. आणि मालक त्यांना पूर्ण दिवसाचा रोज देतो, कारण संध्याकाळी पोरांना भूक पूर्ण लागते, अर्धी लागत नाही."

पंचवीस वर्षं मी या दाखल्यावर उपदेश ऐकले. भुकेचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

वर्कशॉपवाल्या भावांचा फोन संध्याकाळी आला, त्याचा नंबर मागायला. काम मिळेलच असं नाही, दोन लेथवर आधीच सहा माणसं आहेत. पण बोलावलंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

आज शॉपमध्ये खंडेनवमी. सकाळपासून मशिनी पुसल्या, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. दर वर्षी या दिवशी आमची काही ख्रिस्ती पोरं रजा टाकतात किंवा कँटीनमध्ये जाऊन बसतात. मी पूजेत भाग घेत नाही, माझा विश्वास मला ते करू देत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी आग्रहही करत नाही. पण ज्या मशीनवर वर्षभर शेजारी उभे राहून काम केलं ती पुसायला काय हरकत? यंदा मी पुसायला थांबले. टेबल घासलं, सगळे गेज तेलाच्या फडक्याने पुसून पेटीत लावले.

पुसताना निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायातला बसालेल आठवला. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते कशासाठी, तर सोनं, रुपं, पितळ घडवायला, रत्नं जडवायला, लाकूड कोरायला. यंत्राला हात जोडत नाही, पण हे कसब देणाऱ्याचे उपकार मानायला मला पेढा घेऊन उभ्या असलेल्या माणसांमधून बाहेर जावं लागलं नाही.

तेवढ्यात ते, अकरा ऑगस्टपासून न बोललेले, माझ्या टेबलापाशी आले. गेजची पेटी बघितली. म्हणाले, "कॅलिब्रेशनची तारीख जवळ आलीय, पाठवून द्या." बस. पण बोलले.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्याची तयारी. यादी आता अठ्ठावन्न, त्यात शुक्रवारवाले सात.

त्या पोराचे थकलेले पैसे जुलैपर्यंतचे आले, ऑगस्टचे बाकी. अकरा ऑगस्टला थांबलेल्या दोन पोरांचे तास त्याच बिलात आहेत, त्यामुळे त्या दोघांनाही अजून पैसे मिळालेले नाहीत. मंगळवारी ठेकेदाराच्या ऑफिसात जायचं, काका बरोबर येतायत, रजिस्टरच्या पानाचा फोटो घेतलाय.

उद्याची उत्तरं आत्तापर्यंत तेवीस. सोयाबीनची काढणी, पाऊस थांबला तर. सहामाहीचे पेपर. पहाटेची पुणे गाडी. सीटकव्हर, आणखी साठ. "लेथ शिकतोय, पहिला आठवडा," हे मजूर अड्ड्यावरच्या भावाकडून.

वाचन योहान २१: रात्रभर जाळं रिकामं, आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. आवाज भोसरीच्या भावाचा. तो म्हणाला, पाळीवर जायच्या आधी पहाटे चारला रेकॉर्ड करून पाठवतो, तेव्हा खोलीतले बाकीचे झोपलेले असतात, म्हणून हळू बोलेन.